एड ओबॅननची कमाई कोणाची होती?

अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलपटूंना पैसे द्यावेत का, हा वाद निघाला की एक उत्तर हमखास ऐकू येतं. पोरं शिकायला आली आहेत, फी माफ आहे, राहण्या-जेवणाची सोय लागली आहे, आणि खेळात खरंच दम असेल तर पुढे एनबीए या व्यावसायिक लीगमध्ये जाऊन हवे तेवढे कमावतीलच की! आत्ताच कसली घाई? घरातल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी शोभावं असं हे बोलणं आहे, म्हणूनच ते चटकन पटतं. माझ्या मते ते साफ चूक आहे. का चूक आहे, हे समजायला एका खेळाडूची कारकीर्द शेवटापर्यंत पाहिली तरी पुरे.

एड ओबॅनन लॉस एंजेलिसचा. जन्म १९७२ चा, उंची सहा फूट आठ इंच, डावखुरा. शाळेत असतानाच देशातल्या अव्वल खेळाडूंमध्ये त्याचं नाव घेतलं जाई. त्याला जायचं होतं लास व्हेगसच्या विद्यापीठात. पण कॉलेज क्रीडांचं नियमन करणाऱ्या एनसीएए या संघटनेने त्या संघावर कारवाई केली आणि ओबॅनन घराजवळच्या यूसीएलएत, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत, दाखल झाला. १९९० च्या ऑक्टोबरात, पहिला मोसम सुरू व्हायच्या आधीच, सहज चाललेल्या एका खेळात त्याच्या गुडघ्यातला एसीएल हा अस्थिबंध तुटला. मृत दात्याचा स्नायुरज्जू बसवून गुडघा पुन्हा उभा करावा लागला. हा पोरगा परत धावेल का, याचीच शंका होती. तो धावला. शेवटच्या वर्षी सामन्यामागे सरासरी २० हून अधिक गुण आणि आठहून अधिक रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर पटकावलेले चेंडू) इथवर त्याने मजल मारली.

मग ३ एप्रिल १९९५, कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेचा अंतिम सामना. सिएटलचं किंगडोम स्टेडियम, समोर आदल्या वर्षीचा विजेता आर्कान्सा. यूसीएलएचा खेळ रचणारा पॉइंट गार्ड टायस एडनी दुखऱ्या मनगटामुळे सुरुवातीलाच बाहेर बसला. ओबॅननने ३० गुण केले, १७ रिबाउंड घेतले आणि यूसीएलएने सामना ८९-७८ असा जिंकला. जॉन वुडन या दंतकथा बनलेल्या प्रशिक्षकाने १९७५ मध्ये शेवटचं विजेतेपद मिळवलं होतं. त्यानंतर वीस वर्षं हे विद्यापीठ त्या क्षणाची वाट बघत होतं. ओबॅनन स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. वुडनच्या नावाचा, वर्षातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा पुरस्कारही त्यालाच मिळाला. पुढच्या वर्षी त्याचा ३१ क्रमांक विद्यापीठाने कायमचा निवृत्त केला.

‘पुढे कमावतीलच’ या आश्वासनाची परीक्षा इथून सुरू होते. त्याच जूनमध्ये एनबीएच्या न्यू जर्सी नेट्स संघाने त्याला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, नवव्या क्रमांकावर घेतलं. एनबीएत तो दोन मोसम टिकला, दुसऱ्याच्या मध्यावर त्याला डॅलसच्या संघात धाडण्यात आलं, आणि सामन्यामागे पाचच्या आसपास गुणांच्या सरासरीवर तो अध्याय संपला. एका जागेसाठी अंगाने कमी आणि दुसऱ्या जागेसाठी पायाने मंद अशा खेळाडूंचं तिथे जे होतं तेच त्याचं झालं. त्यानंतर इटली, स्पेन, ग्रीस, अर्जेंटिना, पोलंड. तिशी ओलांडल्यावर त्याने खेळ सोडला आणि लास व्हेगसजवळच्या हेंडरसनमध्ये टोयोटाच्या शोरूममध्ये गाड्या विकायला लागला. यात कीव करण्यासारखं काही नाही. प्रामाणिक काम होतं आणि तो ते चांगलं करत होता. पण बाजारभावाच्या भाषेत बोलायचं, तर एड ओबॅनन या माणसाची किंमत आयुष्यात सर्वांत जास्त होती ती बाविसाव्या वर्षी, सिएटलमधल्या त्या सोमवारच्या रात्री. आणि त्या रात्री स्वतःची किंमत वसूल करायला त्याला मनाई होती.

ओबॅनन अपवाद आहे, असं कोणी म्हणेल. तो अपवाद आहेच, पण उलट्या दिशेने: बाकीच्यांच्या वाट्याला त्याच्याइतकंही येत नाही. कॉलेज बास्केटबॉलच्या वरच्या श्रेणीत साडेतीनशेहून अधिक संघ आहेत. वर्षानुवर्षं प्रत्येक पुरुष संघाला १३ शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. म्हणजे कोणत्याही वेळी साडेचार हजारांच्या घरात खेळाडू. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये दरवर्षी जागा साधारण साठ, आणि त्यातल्याही कित्येक परदेशी मुलांकडे जातात. बहुसंख्य खेळाडूंसाठी कॉलेज हाच कारकिर्दीचा कळस असतो, पुढच्या कशाची तरी तयारी नव्हे. ज्यांचा कळस कॉलेजातच यायचा आहे, त्यांना ‘कळसानंतर पैसे मिळतील’ असं सांगणं ही थट्टा आहे.

मुलींच्या बाबतीत ती थट्टा आणखी उघडी पडते. आयोवा विद्यापीठाच्या केटलिन क्लार्कने मार्च २०२४ मध्ये पीट मॅराविचचा कॉलेज कारकिर्दीतल्या ३६६७ गुणांचा जुना विक्रम मोडला. तिच्या शेवटच्या कॉलेज सामन्याला, म्हणजे त्या वर्षीच्या महिलांच्या अंतिम सामन्याला, पुरुषांच्या अंतिम सामन्यापेक्षा जास्त प्रेक्षक लाभले. ती डब्ल्यूएनबीए या महिलांच्या व्यावसायिक लीगमध्ये गेली तेव्हा पहिल्या वर्षाचा ठरलेला पगार होता साधारण ७६,५०० डॉलर. तोवर नियम बदलले होते म्हणून कॉलेजात असतानाच जाहिरातींतून तिला त्याच्या कित्येक पट कमावता आलं. हीच मुलगी दहा वर्षं आधी जन्मली असती, तर गर्दी तिने खेचली असती आणि पैसे इतरांच्या खिशात गेले असते.

पैसे किती होते? १९९४ च्या अखेरीस सीबीएस वाहिनीने कॉलेजांच्या या राष्ट्रीय स्पर्धेच्या २००२ पर्यंतच्या प्रक्षेपणासाठी सुमारे १७२ कोटी डॉलर मोजायचं कबूल केलं होतं. ओबॅननचा तो अंतिम सामना या कराराच्या पहिल्याच वर्षातला. २०१० मध्ये १४ वर्षांसाठी नवा करार झाला, तो १०८० कोटी डॉलरचा. वुडनला यूसीएलएने शेवटपर्यंत वर्षाला ३५ हजार डॉलरहून जास्त पगार कधी दिला नाही. आज मोठ्या विद्यापीठांचे प्रशिक्षक लाखो डॉलर घेतात, आणि अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत सर्वाधिक पगार घेणारा सरकारी नोकर हा कुठल्या तरी विद्यापीठाचा अमेरिकन फुटबॉलचा किंवा बास्केटबॉलचा प्रशिक्षक असतो. राज्यपाल नव्हे, सरन्यायाधीश नव्हे. म्हणजे पैशाने खेळ भ्रष्ट होतो हा नियम फक्त मैदानात घाम गाळणाऱ्यांना लागू होता. बाकी सगळ्यांच्या शुद्धतेची कोणालाच काळजी नव्हती!

आता शिक्षणाचं. शिष्यवृत्ती हा मोबदलाच आहे, असा यावरचा युक्तिवाद. तो मी हलक्याने घेत नाही. अमेरिकी विद्यापीठाची फी किती असते हे मराठी घरांना सांगायला नको, कर्ज काढून मुलांना पाठवणारी घरं आपल्या आसपास आहेत. पण ही शिष्यवृत्ती कशी होती तेही पाहावं. १९७३ पासून २०१२ पर्यंत ती एकेका वर्षाचीच देता येई, दरवर्षी नूतनीकरण, आणि दोर प्रशिक्षकाच्या हाती. गुडघा गेला, खेळ घसरला, नव्या प्रशिक्षकाला चेहरा आवडला नाही, तर शिक्षणही गेलं. शिवाय ओबॅननने २०१४ मध्ये न्यायालयात शपथेवर जे सांगितलं ते ऐकण्यासारखं आहे. आठवड्याचे ४० ते ४५ तास बास्केटबॉलला, अभ्यासाला जेमतेम बारा. इतिहास हा विषय घेतला तो सरावाच्या वेळांत बसला म्हणून. ‘मी विद्यार्थ्याचं सोंग घेतलेला खेळाडू होतो,’ असं तो म्हणाला. पदवी त्याने मिळवली, पण खेळ सोडल्यावर, चाळिशीच्या उंबरठ्यावर, लास व्हेगसच्या विद्यापीठातून.

विद्यार्थी असणं आणि कामगार असणं या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत, हे तर त्याहून विचित्र. पुण्या-मुंबईहून एमएस किंवा पीएचडीसाठी गेलेली मुलं तिथे टीए म्हणून प्रयोगशाळेत शिकवतात, वह्या तपासतात, आरए म्हणून प्रकल्पावर राबतात. त्यांना फीमाफीही मिळते आणि दरमहा पैसेही. एफ-१ व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला २० तास कॅम्पसवर काम करता येतं, हे त्यांना पाठ असतं. २०२२ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सुमारे ४८ हजार शैक्षणिक कर्मचाऱ्यांनी संप केला, यूसीएलएसकट. त्यांत टीए आणि संशोधक विद्यार्थी होते, आणि त्यांनी पगारवाढ मिळवली. तेव्हा कोणी म्हटलं नाही की पैसे घेतल्याने यांच्या विद्याव्यासंगाला बट्टा लागला. त्याच कॅम्पसवर, त्याच विद्यापीठासाठी आठवड्याला चाळीस तास राबणारा सहा फूट आठ इंचाचा मुलगा मात्र कर्मचारी नाही, कारण तो चेंडू खेळतो.

हा भेद आपोआप पडलेला नाही, तो पाडला गेला. १९५५ मध्ये कोलोरॅडोतल्या एका छोट्या कॉलेजाचा फुटबॉलपटू सामन्यात डोक्याला मार लागून मरण पावला. त्याच्या पत्नीने कामगार नुकसानभरपाई मागितली. खेळाडू जर कॉलेजचा नोकर ठरला, तर देशभरातल्या प्रत्येक मोडलेल्या हाडाचा खर्च कॉलेजांच्या गळ्यात पडणार होता. वॉल्टर बायर्स हे तेव्हा एनसीएएचे सर्वेसर्वा. त्यांच्या कारकिर्दीत ‘विद्यार्थी-खेळाडू’ ही संज्ञा घडवली गेली आणि नियमांत, पत्रकांत, वकिलांच्या तोंडी सगळीकडे रुजवली गेली. १९५७ मध्ये कोलोरॅडोच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या विधवेचा दावा फेटाळला. पुढे निवृत्त झाल्यावर याच बायर्सनी आठवणी लिहिल्या, आणि आपणच उभ्या केलेल्या व्यवस्थेची तुलना गुलामांच्या मळ्यांवरच्या मालकी वृत्तीशी केली. ते पुस्तक आलं १९९५ साली. ओबॅननच्या साली. महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या वरच्या श्रेणीत निम्म्याहून अधिक पुरुष खेळाडू कृष्णवर्णीय असतात हे लक्षात घेतलं, तर बायर्सनी नेमकी तीच तुलना का निवडली असेल हे समजतं.

नियमांचा काच किती बारीक होता त्याचा एक नमुना. एकेकाळी संघाने खेळाडूला बेगल, म्हणजे कड्यासारखा गोल पाव, दिला तर चालत असे. त्यावर क्रीम चीज लावलं की ते ‘जेवण’ ठरे आणि नियमभंग होई. हे मी रचलेलं नाही. ओबॅननला विजेतेपद मिळवून देणारे प्रशिक्षक जिम हॅरिक त्या विजयानंतर दोन वर्षंही टिकले नाहीत. नव्या मुलांना संघात ओढण्यासाठी दिलेल्या एका जेवणाच्या खर्चाचा खोटा तपशील दिला म्हणून नोव्हेंबर १९९६ मध्ये विद्यापीठाने त्यांना काढलं. कोट्यवधींच्या धंद्यात सगळ्यांचं लक्ष हॉटेलच्या बिलावर! आणि २०१४ च्या एप्रिलमध्ये कनेटिकटचा शबाझ नेपियर, जो त्याच आठवड्यात विजेतेपद आणि सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळवून गेला, पत्रकारांना सांगत होता की काही रात्री आपण उपाशी झोपतो. त्यानंतर दिवस उलटले नाहीत तोच जेवणावरचे निर्बंध उठले. इतकी वर्षं ते अशक्य का होतं, याचं उत्तर कोणी दिलं नाही.

ओबॅनन या सगळ्यात ओढला गेला तो एका व्हिडिओ गेममुळे. एका मित्राच्या घरी गेला असताना मित्राचा मुलगा ईए स्पोर्ट्स कंपनीचा कॉलेज बास्केटबॉलचा गेम खेळत होता. पडद्यावर १९९५ चा यूसीएलए संघ. नाव लिहिलेलं नव्हतं, पण अंगावर ३१ क्रमांक, तशीच उंची, तसंच टक्कल, आणि फेक डाव्या हाताची. आधी गंमत वाटली. मग मित्राने लक्षात आणून दिलं की या गेमसाठी आपण पैसे मोजले आणि तुला त्यातला एक छदामही मिळालेला नाही. कॉलेज सोडून चौदा वर्षं झाली होती, तरी त्याची चण, त्याचा हात, त्याचा क्रमांक विकला जात होता. बुटांच्या कंपन्यांना कॉलेज बास्केटबॉलमध्ये आणणारे सॉनी व्हॅकारो तोवर एनसीएएच्या विरोधात गेले होते. त्यांच्या आग्रहावरून जुलै २००९ मध्ये ओबॅनन फिर्यादी झाला. पुढे ऑस्कर रॉबर्टसन आणि बिल रसेल हे दिग्गजही सामील झाले.

हा खटला दयेची याचना नव्हता, आणि मला त्यातली हीच गोष्ट सर्वांत आवडते. १८९० चा शर्मन कायदा, मक्तेदारीविरोधी, तेलाच्या आणि रेल्वेच्या सम्राटांना वेसण घालायला केलेला. फिर्यादींचं म्हणणं असं की शेकडो कॉलेजं एरवी एकमेकांशी जिवावर उदार होऊन स्पर्धा करतात, पण एका मालाची किंमत मात्र सगळ्यांनी संगनमताने शून्य ठरवली आहे. तो माल म्हणजे खेळाडू. न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी ८ ऑगस्ट २०१४ रोजी हे म्हणणं मान्य केलं. शिक्षणाचा पूर्ण खर्च, आणि शिवाय वर्षाला पाच हजार डॉलरपर्यंत रक्कम कॉलेज सुटल्यावर मिळेल अशी राखून ठेवायला त्यांनी मुभा दिली. वरच्या न्यायालयाने पुढच्या वर्षी कायदा मोडल्याचा निष्कर्ष कायम ठेवला आणि ते पाच हजार काढून टाकले. ईए आणि परवान्यांचा धंदा करणाऱ्या कंपनीने दरम्यान ४ कोटी डॉलर देऊन तडजोड केली.

आकड्यांत पाहिलं तर विजय तोकडा होता. पण भिंतीला तडा गेला होता. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने खेळाडूंना आपल्या नावावर आणि छबीवर कमावण्याचा हक्क देणारा कायदा केला. २१ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या एका खटल्यात, ऑल्स्टन खटल्यात, नऊ विरुद्ध शून्य मतांनी एनसीएएच्या विरोधात निकाल दिला. डाव्या विचारांशी दूरान्वयानेही संबंध नसलेले न्यायमूर्ती कॅव्हनॉ यांनी स्वतंत्र मत नोंदवून लिहिलं की एनसीएए कायद्याच्या वर नाही. दहा दिवसांत, १ जुलैपासून, देशभर जाहिरातींचे दरवाजे उघडले. ६ जून २०२५ रोजी त्याच विल्कनबाईंनी तिसऱ्या एका खटल्यातली तडजोड मंजूर केली. त्यानुसार मागच्या खेळाडूंना दहा वर्षांत सुमारे २८० कोटी डॉलर मिळायचे आहेत, आणि पहिल्या वर्षी प्रत्येक विद्यापीठाला दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंत रक्कम थेट खेळाडूंना वाटायची मुभा मिळाली.

ओबॅननला यातलं काय? काहीच नाही. मागच्या भरपाईची मर्यादा २०१६ पासूनच्या खेळाडूंपुरती आहे. ज्याच्या नावाने पहिला खटला ओळखला जातो त्याने स्वतःच्या भरपाईचा दावा सुनावणीआधीच सोडून दिला होता. पण मारिओ चाल्मर्सने मागितली. २००८ च्या अंतिम सामन्यात शेवटच्या क्षणी कॅन्ससकडून त्याने टाकलेला तीन गुणांचा चेंडू दर मार्चमध्ये पडद्यावर पुन्हा पुन्हा जाळीत पडतो, जाहिरातींसकट. त्याचा आणि सहकाऱ्यांचा दावा २०२५ मध्ये न्यायालयाने मुदत उलटली म्हणून फेटाळला. कायद्याच्या दृष्टीने ते बरोबर असेलही. दाव्याची मुदत संपते, चित्रफितीची संपत नाही, एवढं खरं.

विरोधकांचा सर्वांत जड आक्षेप इतर खेळांबद्दलचा आहे. फुटबॉल आणि बास्केटबॉलच्या कमाईवर पोहणं, नौकानयन, जिम्नॅस्टिक्स, धावणं चालतं. अमेरिकेची ऑलिंपिक पदकं बऱ्याच अंशी कॉलेजांच्याच तलावांतून आणि मैदानांतून येतात. खेळाडूंना पैसे वाटले तर हे संघ बंद पडतील. काही पडतीलही, आणि ते नुकसान खरं आहे, मी ते झाकून ठेवणार नाही. पण नौकानयन विद्यापीठाला हवं असेल तर त्याने ते ग्रंथालयासारखं, भौतिकशास्त्राच्या विभागासारखं आपल्या खिशातून चालवावं. बेताच्या परिस्थितीतून आलेल्या वीस वर्षांच्या मुलाने सुखवस्तू घरांतल्या मुलांच्या होड्यांचा खर्च उचलावा, तोही न विचारता, हा कर झाला. संसदेने न बसवलेला.

दुसरा आक्षेप सध्याच्या गोंधळाचा. आणि गोंधळ आहेच, नाही कोण म्हणतो? नाव आणि छबीच्या नावाखाली श्रीमंत माजी विद्यार्थ्यांनी ‘कलेक्टिव्ह’ उभे केले आणि जाहिरातीचा मुखवटा लावून सरळ पगार वाटायला सुरुवात केली. बदलीसाठीच्या ऑनलाइन यादीत, पोर्टलमध्ये, नाव टाकून खेळाडू दरवर्षी कॉलेज बदलतात. चार वर्षांत चार कॉलेजं ही आता बातमीही राहिली नाही. परदेशी खेळाडूंची वेगळीच कसरत. पर्ड्यूचा झॅक ईडी, कॅनडाचा, लागोपाठ दोन वर्षं देशातला सर्वोत्तम ठरला, पण विद्यार्थी व्हिसामुळे अमेरिकेत जाहिरातींतून कमावण्याची वाट त्याला जवळपास बंद होती. केंटकीच्या, काँगोहून आलेल्या ऑस्कर त्शिबवेने संघ बहामाच्या दौऱ्यावर गेला तेव्हा तिथल्या भूमीवर जाहिराती चित्रित करून घेतल्या. आपल्या मुलांना ओपीटी-सीपीटीची, म्हणजे विद्यार्थी व्हिसावरच्या कामाच्या परवानग्यांची, गणितं करताना पाहिलेल्यांना यातली अगतिकता वेगळी समजवावी लागणार नाही.

पण हा गोंधळ खेळाडूंना पैसे दिल्यामुळे झालेला नाही. पैसे देऊन ‘पगार’ म्हणायचं नाही, या हट्टातून तो झाला आहे. मोबदला मिळतो पण करार नाही, म्हणून खेळाडूला बांधून ठेवता येत नाही. एनबीएत एकूण पगारावर मर्यादा आहे, ड्राफ्ट आहे, संघ बदलण्याचे नियम आहेत. एनसीएएला जे करायला न्यायालय मनाई करतं तेच सगळं तिथे कायदेशीर ठरतं, कारण त्या नियमांवर खेळाडूंच्या युनियनची सही असते. सामूहिक वाटाघाटीतून आलेल्या बंधनांना मक्तेदारीविरोधी कायदा हात लावत नाही. म्हणजे शिस्त आणायचा रस्ता समोर आहे. खेळाडूंना कर्मचारी म्हणा, युनियन मान्य करा, टेबलावर बसा. विद्यापीठं नेमकं तेच टाळतात, कारण टेबलावर बसलं की वैद्यकीय खर्च किती वर्षं उचलायचा, सरावाचे तास किती, परीक्षेच्या आठवड्यात विमान पकडायचं का, हे सगळे प्रश्न पैशाच्या आधी निघतील.

अडचणी आहेत. सरकारी विद्यापीठांना राज्यांचे कायदे लागू होतात आणि कित्येक राज्यांत सरकारी नोकरांना सामूहिक वाटाघाटीचा हक्कच नाही. छोट्या कॉलेजांत, जिथे स्टँड रिकामे असतात आणि खेळ तोट्यात चालतो, तिथे ही व्यवस्था जशीच्या तशी लावणं वेडेपणाचं होईल. पण साठ-सत्तर श्रीमंत विद्यापीठांना त्या छोट्या कॉलेजांच्या आडोशाला लपू का द्यावं? जिथे टीव्हीचा करार आहे तिथे रोजगाराचा करार हवा, इतकी सोपी रेघ आखता येते. २०२४ च्या जुलैत एका अपील न्यायालयाने म्हटलंच आहे की हौशी असल्याचा दावा हे एकटं कारण खेळाडूंना कामगार कायद्याबाहेर ठेवायला पुरेसं नाही.

डार्टमथ कॉलेजच्या पुरुष बास्केटबॉलपटूंनी हे करून पाहिलं. तिथे क्रीडा शिष्यवृत्ती नसते, संघही काही नावाजलेला नाही. मार्च २०२४ मध्ये त्यांनी १३ विरुद्ध २ मतांनी युनियन करायचं ठरवलं. कॉलेजने वाटाघाटीला बसायला नकार दिला. वॉशिंग्टनमध्ये सत्तापालट होणार आणि युनियनचे वाद सोडवणाऱ्या सरकारी कामगार मंडळाची मतं फिरणार हे दिसताच, वर्षाच्या शेवटच्या दिवशी युनियनने अर्ज मागे घेतला. विरोधात निकाल लागून तो सगळ्यांनाच बाधू नये म्हणून. २०२५ मध्ये अमेरिकी काँग्रेसपुढे जे विधेयक आलं त्यात एनसीएएला मक्तेदारीच्या खटल्यांपासून संरक्षण देण्याची आणि खेळाडूंना कर्मचारी मानायला कायद्यानेच बंदी घालण्याची तरतूद होती. ओबॅननने पाच वर्षं झगडून न्यायालयाकडून जे वदवून घेतलं, ते एका कलमात पुसायची ही सोय. आणि तोच व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीने २०२४ मध्ये आपला कॉलेज फुटबॉलचा गेम पुन्हा बाजारात आणला तेव्हा प्रत्येक खेळाडूला नावाचे आणि चेहऱ्याचे दिले ६०० डॉलर, वर गेमची एक प्रत. रक्कम कंपनीने ठरवली. पटलं तर घ्या, नाहीतर राहू द्या. खेळाडूंच्या वतीने घासाघीस करायला समोर कोणीच नव्हतं.